मिठी नदीच्या अभिनंदनाचा ठराव

विहार आणि पवई तलावांच्या ओसंडत्या पाण्यातून निघालेली मिठी नदी सुमारे 18 किलोमीटरांत माहीमची खाडी गाठते. एवढ्या अल्प प्रवासात तिने साधलेली प्रगती थक्क करणारी आहे. उगमाशी तिच्याजवळ नुसते पाणी होते. साकीनाका, कुर्ला, धारावी ओलांडेपर्यंत सांडपाणी, काळे तेल, राडारोडा, प्लास्टिक अशा ठेवी नागरिकांनी मोठ्या विश्वासाने तिच्या खात्यावर जमा केल्या. विमानतळाच्या धावपट्टीला जागा हवी होती, तेव्हा तिने विनातक्रार वळण घेतले आणि अंग चोरले. गाळ काढण्याच्या निविदा निघतात, त्यापाठोपाठ गाळही न चुकता हजर होतो. कंत्राटदारांना असे सहकार्य विरळाच.

उगमाजवळचे पाणी मात्र अजून तुलनेने स्वच्छ आहे. ही विषमता तातडीने दूर करून सर्व पाणी एका पातळीवर आणावे, अशी शिफारस ही सभा करते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीने सर्व ठेवी घरपोच परत केल्या. आपली ठेव ओळखायला एकही खातेदार पुढे आला नाही.

ठराव एकमताने मंजूर.