फियाटकाका

जुनी गाडी बाळगणारे दोन जातींचे. एक ती होती तशी ठेवतात, पुसतात, लग्नात फुलं लावून मिरवतात. दुसऱ्यांना वाटतं, कंपनीच्या इंजिनिअरांनी काम अर्धवट टाकून घर गाठलं आणि उरलेलं आपल्यावर सोपवलं. नवी मुंबईतल्या बेलपाड्याचे फियाटकाका दुसऱ्या जातीचे.

त्यांची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली ती पुढे १०८९ सीसीचं इंजिन, पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगा, मागे पाटे अशी. याच मांडणीवर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. काकांच्या मते ती टॅक्सीवाल्यांची सहनशीलता.

सगळं सुरू झालं एका गतिरोधकावरून. पुढचं चाक आदळलं आणि काकांच्या कमरेत कळ गेली. दुसरा हाडवैद्याकडे गेला असता. काकांनी पुढचं सस्पेन्शन उतरवलं. किंगपिन आणि बुश बदला, भागेल, असं मेकॅनिक म्हणाला. पण नुसतं बदलण्यात काकांना कमीपणा वाटतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भलत्याच गाडीच्या मऊ स्प्रिंगा आल्या. गाडीनं नाक टाकलं, ऑइल चेंबर रस्त्याला घासायला लागलं. चेंबर वाचवायला इंजिन उचललं, तर बोनट लागेना. बोनट काचेकडे उंच होत जातं, म्हणून इंजिन मागे. मागे न्यायला फायरवॉल कापली, मग स्टिअरिंगजवळचा गिअर खाली जमिनीवर आला, प्रोपेलर शाफ्ट लेथवर आखूड झाला. आता इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्यांना टेकलंय. थंडीत पाय छान शेकतील. गाडी तेवढी चालू व्हायला हवी.

इंजिन इतकं मागे कशाला, विचारलं की काका थेट बैलगाडीवर येतात. ‘‘पुढे जड झाली तर बैलाची मान मोडते, मागे जड झाली तर गाडी उलाळते. वजन मध्ये पाहिजे!’’ हे इतकं पटतं की ऐकणारा जॅक धरायला बसतो. मीही बसलोय.

बोनट सध्या ओट्यावर आहे. काकू त्यावर सुके बोंबील वाळत घालतात. अख्ख्या गाडीत रोज कामावर येणारा तो एकच पार्ट.

पुतण्या शिकलेला. त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालही सांगितला: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून ढळेल असे बदल नकोत. वर २०२१ चे नियम: पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला विंटेजचा मान मिळतो, पण मूळ रूप राखलं असेल तरच.

‘‘ते रस्त्यावर गाडी काढणाऱ्यांसाठी,’’ काका म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलपाड्याला मेट्रो थांबायला लागल्यापासून काका सीबीडी बेलापूरला मेट्रोनंच जातात. येताना पिशवीत नटबोल्ट असतात.

‘‘पण काका, तुम्ही गाडी बाहेर काढणार कधी?’’

‘‘अरे, आता पुढचं मऊ झालं ना? मग मागचे पाटे कडक नाही वाटणार? तिथंही कॉइल टाकू. तू जरा ते पेट्रोलच्या टाकीचं माप घे बघू, ती आड येणार.’’