साहेब, तुमच्या माणसाला आवरा!

प्रति,
माननीय पर्यवेक्षक,
कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम.

विषय : आपला कर्मचारी काम करीत असल्याबाबत तक्रार.

महोदय,

आमच्या सोसायटीच्या वतीने नाइलाजाने हे पत्र लिहीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत आपल्या खात्याविषयी आमचे काही गाऱ्हाणे नव्हते. रात्री साडेआठला धुराची गाडी यायची, फाटकापासून फाटकापर्यंत ढग सोडायची. आम्ही खिडक्या घट्ट लावून घ्यायचो आणि नगरसेवकांना व्हॉट्सॲपवर हात जोडायचो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि रात्री घरातच पडद्यामागे, पलंगाखाली विसावतो. त्यामुळे त्याचीही झोपमोड होत नसे. सगळे कसे गुण्यागोविंदाने चालले होते.

यंदा आपण पाठवलेला माणूस मात्र घरात शिरून बघतो! पहिल्याच फेरीत त्याने आमच्या अध्यक्षांचा फ्रिज पुढे ओढला, मागच्या ट्रेमध्ये बॅटरी मारली आणि वळवळणाऱ्या अळ्या वहिनींना बोलावून दाखवल्या. मग मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर, असे करत सगळी इमारत पालथी घातली. पिंप उपडे करून दाखवले तरी त्याचे समाधान नाही. म्हणतो, ‘आतून घासून काढा. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पुन्हा पाणी भरले की फुटतात.’ एवढे ज्ञान त्याला दिले कोणी? वर अध्यक्षांच्या घरात अळ्या सापडल्याची नोंदही केली. अध्यक्षांच्या!

साहेब, आपली अडचण आम्ही जाणतो. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, हत्तीरोग, जपानी मेंदूज्वर आणि काळा आजार असे सहा-सहा रोग या एका कार्यक्रमाच्या गळ्यात आहेत. सहा रोगांचे अहवाल वर पाठवायचे, तर खुर्चीतून उठायला सवड कुठली? आणि परंपराही आपल्या बाजूने आहे. १९६५च्या सुमारास देशातले हिवतापाचे रुग्ण वर्षाला लाखभरावर आले होते. १९७६मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला सरावले, पैसा कमी पडला आणि देखरेख ढिली झाली. पहिल्या दोन कारणांना आपण जबाबदार नाही.

तेव्हा आमच्या माफक मागण्या अशा :

एक, कुलूपबंद घर ‘अळ्या नाहीत’ या रकान्यात धरावे. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हाच जर आपला निर्देशांक असेल, तर तो कुलपांच्या मदतीने सहज खाली आणता येईल. दार उघडायला लावून आकडा बिघडवण्यात काय हशील?

दोन, आपण पाहणीला जरूर यावे, पण आदल्या दिवशी फोन करून. चहा-पोह्यांची सोय करू, धूरयंत्रासोबत फोटो काढू. कर्मचाऱ्याने तपासलेल्या घरांपैकी चार-दोन घरे न सांगता पुन्हा उघडून बघायची, खडूने दारावर लिहिलेली तारीख वहीशी ताडून पाहायची, हा शुद्ध अविश्वास झाला.

तीन, हत्तीरोगाची मोहीम चालते त्या जिल्ह्यांतल्या आमच्या पाहुण्यांचीही तक्रार आहे. आशाताई गोळ्या समोर गिळायला लावतात. त्या हातात द्याव्यात. ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या तरी कागदोपत्री वाटप शंभर टक्केच दिसते.

चार, धुराची गाडी पूर्ववत सुरू करावी. धूर उडत्या डासांपैकी सापडतील तेवढेच मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही, असे आपला माणूस सांगतो. असेलही. पण धूर दिसतो, साहेब! घासलेले पिंप कोणाला दिसते? त्याचे उद्घाटन कोण करणार?

या कर्मचाऱ्याची बदली करणे शक्य नसेल, तर निदान त्याला कार्यालयातच तक्ते भरायला बसवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
सचिव (सर्व सभासदांच्या वतीने)

ता. क. : अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात आणि आपला माणूस पुन्हा येणार महिन्याने. मधल्या काळात दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळून पिंपे कोण घासणार, असे तो जाताना विचारून गेला. विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. सभा पावसाळा संपल्यावर आहे.