कोर्टाची पायरी, नागोया

मुलगी "बाबा, मी कायदा शिकणार" म्हणाली तर नागोयातल्या मराठी बापाने कसे वागावे, यावर अद्याप ग्रंथ निघालेला नाही. गाड्यांच्या सुट्या भागांत सोळा वर्षं घालवलेला मी ती उणीव भरून काढतो.

नियम पहिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे जेवताना म्हणू नये. मी म्हटलं. रविवारी तिने मला शिसेई शिर्योकानला नेलं. लाल विटांची ही इमारत १९२२ साली अपील कोर्टासाठी बांधलेली. आता तिथं शहराचा दप्तरखाना आहे, प्रवेश फुकट. आत शिरताच संगमरवरी जिना, वर रंगीत काचा. "चढ आता," म्हणाली. चढलो. गुडघा बोलला, पण जिना देखणा आहे हो.

नियम दुसरा. वाद सकाळी कॉफीच्या दुकानात घालावा. इथं कॉफीबरोबर टोस्ट-अंडं फुकट येतं. तोंड भरलेलं असलं की आवाज चढत नाही.

नियम तिसरा. काळा कोट विसरावा. जपानी वकिलाला झगा नसतो. कोटावर सूर्यफुलाचा बिल्ला, मधोमध तराजू. काळा सूट घालतात ती नोकरी शोधणारी पोरं. होगाकुबु म्हणजे बारावीनंतरची चार वर्षांची कायदा शाखा; तिथली बहुतेक पोरं तोच सूट चढवून बँक, कंपनी नाहीतर सरकारी कचेरी गाठतात. कंपनी! मग माझ्या कंपनीने काय घोडं मारलं होतं?

वकीलच व्हायचं, तर पदवीनंतर २००४ पासून सुरू झालेलं कायद्याचं पदव्युत्तर विद्यालय, किंवा ते टाळायला 'योबी शिकेन' नावाची महाकठीण परीक्षा. मग मुख्य परीक्षा, पाच वर्षांत पाचच वेळा. मग प्रशिक्षण. आपल्या पासपोर्टवर न्यायाधीश होता येत नाही, वकील होता येतं. किम क्योंगदुक या इथंच जन्मलेल्या कोरियन तरुणाने जपानी नागरिकत्व न घेता १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून ती वाट मोकळी करून घेतली. हे सांगताना तिचा आवाज बदलला. मी उगाच आमटी ढवळत बसलो.

नियम चौथा. सांगलीला घरी कळवू नये. अण्णाने फोनवर पहिलं विचारलं, "आपल्या बांधाच्या केसला काही उपयोग?"

नियम पाचवा. 'रोप्पो' या सहा मुख्य कायद्यांच्या जाडजूड पुस्तकावर, विशेषतः ते उघडं असताना, लोणच्याची बरणी ठेवू नये. तेल नेमकं वारसाहक्काच्या कलमांवर सांडलं. मी कागदी रुमाल घेऊन धावलो.

"राहू दे," ती म्हणाली. "आता ते पान पटकन सापडतं."