आय सेव्हन आहे ना, मग झालं!

अनसिंगचा माणूस सोयाबीनचं बियाणं घ्यायला निघाला की चार कृषी केंद्रं पालथी घालतो. वाण कोणतं, उगवण किती टक्के, शेजाऱ्याला एकरी काय झालं, आपलं वावर भारी की हलकं, सगळं तोलून मापून मगच पैसे सोडतो. तोच माणूस वाशिमला कॉम्प्युटर घ्यायला गेला की एकच प्रश्न विचारतो, "आय सेव्हन आहे का?"

असतो. हमखास असतो. कितव्या पिढीचा, हे मात्र विचारायची पद्धत नाही. कुठल्याशा शहरातल्या ऑफिसातून सेवानिवृत्त झालेला, 2012 सालचा तिसऱ्या पिढीचा आय सेव्हन नवा कोरा कॅबिनेट अंगावर चढवून बोहल्यावर उभाच असतो. 2022 च्या बाराव्या पिढीचा साधा आय थ्री त्याच्यापेक्षा वेगात चालतो, पण सोयऱ्यांना 'थ्री' कोणत्या तोंडानं सांगायचं? या नवरदेवावर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. हे कळून माणूस दुकानात भांडायला जातो, तर बिल कच्चं.

दुकानदार विचारत नाही असं नाही. "कशासाठी पाह्यजे, भाऊ?" "सगळ्यासाठी." या उत्तराला देता येईल असा कॉम्प्युटर अजून निघालेला नाही.

सेवा केंद्रवाल्याचं काम काय, तर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज. त्याला लागते आठ जीबी रॅम, छोटी का होईना एसएसडी, आणि न अडकणारा प्रिंटर. तो आणतो चार जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क, कारण "जागा लय आहे." जागा लयच आहे. तिथे पीडीएफ शोधता शोधता पीक विम्याची मुदत टळते आणि रांगेतली म्हातारी सर्व्हरला शिव्या देते. सर्व्हर बिचारा कधी कधी निर्दोषही असतो.

पोराला एमएस-सीआयटीच्या नावाखाली ग्राफिक्स कार्ड मिळतं. एक्सेलची बेरीज त्यामुळे झगमगीत होते की नाही, ते बापाला माहीत नाही. रिटायर्ड गुरुजींना हवा होता मोठा पडदा. त्यांना भारी प्रोसेसर आणि पंधरा इंची मॉनिटर मिळाला. आता गुरुजी चष्म्यावर भिंग धरून नातवाचा फोटो पाहतात.

ज्याला खरंच दणकट मशीन लागतं तो आमचा फ्लेक्सवाला. दहा बाय वीस फुटांचा वाढदिवसाचा बॅनर, मधोमध भावी आमदार, खाली चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी, आणि हे सगळं कोरलड्रॉमध्ये. त्याला सोळा जीबीही अपुरी पडावी. त्याच्याकडे भावाचं जुनं मशीन आहे. फाईल सेव्ह करताना ते गोठतं, ते नेमकं भावी आमदारांची एक मिशी आल्यावर. कार्यकर्ते टेबलाशी उभे राहून विचारतात, "दुसरी काहून नाही आली बे?"

आणि हे सगळेजण माझ्याकडे येतात, पण पैसे मोजून झाल्यावर. "कसा वाटला?" असं विचारतात. दारात टेम्पो उभा असताना वाईट कसं बोलायचं?

म्हणून हात जोडून एवढंच: पुढच्या खेपेला पैसे द्यायच्या आधी या. काम काय करायचं ते एका कागदावर लिहून आणा. रंगीत लाईटवाल्या कॅबिनेटचे पैसे वाचवून ते यूपीएसमध्ये घाला. लाईट जाणारच आहे.