तिथी पाठवायची कशी?

सातपाटीच्या बंदरात भरती कधी हे सांगायला जुन्या माणसांना घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो आणि समुद्र त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वागतो, म्हणून हा ढोबळ हिशेब आजवर कुणाला बुडवू शकलेला नाही. सकाळची वेळ की रात्रीची, हेही विचारायचं नसतं. भरती दिवसातून दोनदा येते, उत्तर दोन्ही वेळा बरोबर.

माझा भाचा अशाच घरातला, पण तो बोटीवर न जाता बोईसरच्या एका खोलीत प्रोग्रॅम लिहितो. सध्या त्याने मनावर घेतलंय की बोटीवरच्या तांडेलाने मोबाईलवर तिथीची आणि मासळीची नोंद करावी आणि रेंज मिळताच ती किनाऱ्यावरच्या संगणकाने आपणहून हिशेबात घ्यावी. दूरच्या यंत्रातलं काम आपल्याच यंत्रात चाललंय असं भासावं, ही मूळ कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी 1984 साली त्यावर एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. इतका छान भ्रम मांडणारी माणसं एरवी कविता लिहितात. दोन यंत्रांच्या मध्ये समुद्र असतो, हे मात्र कविता आणि प्रोग्रॅम दोन्ही संपल्यावर कळतं.

त्यासाठी भाच्याने निवडली ती एक्सएमएल-आरपीसी नावाची 1998 सालची पद्धत. आता जरा म्हातारी झालेली, पण साधी. तिला जगातल्या सहाच सुट्या गोष्टी ठाऊक आहेत: पूर्णांक, दशांश, खरं-खोटं, मजकूर, तारीख-वेळ आणि कच्चे बाइट. त्या बांधून न्यायला दोन गाठोडी, एक यादीचं आणि एक नावानिशी रचलेलं. सातवी गोष्ट घेऊन गेलात तर दारातूनच परत.

“मामा, तिथी कशात घालू?” त्याने एका संध्याकाळी विचारलं. तारखेचा प्रकार होताच की. पण त्या तारखेला साधा देशही नाही. ती कुठल्या घड्याळाची हे गृहीत धरू नका, ज्याच्याकडे पाठवाल त्याच्या कागदपत्रांत पाहा, असं त्या पद्धतीचा मसुदाच सांगतो. तिथी तर त्याहून लहरी. दुपारी अडीचला सुरू होईल, कधी दोन सूर्योदयांना पुरून उरेल, तर कधी एकाही सूर्योदयाला तोंड न दाखवता निघून जाईल. तिला आपण क्षयतिथी म्हणतो आणि निमूट पुढची धरतो. भाच्याच्या संगणकात न उगवताच मावळलेल्या दिवसासाठी सोय नाही.

अर्थात सरकारलाही हे जमवावं लागलं होतंच. आता मासेमारीची बंदी साधारणपणे 1 जून ते 31 जुलै अशी सरळ असते. पण पूर्वी ती 10 जूनला लागे आणि 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा उठे. इंग्रजी महिना आणि श्रावण एका ओळीत गुण्यागोविंदाने बसवणाऱ्या त्या अनाम कारकुनाबद्दल मला फार आदर वाटतो.

शेवटी तिथीचा पूर्णांक झाला. पाऊणपटीचं काय, अशी मला धास्ती होती, कारण दशांशात संगणक जरा कच्चाच. एक दशांश म्हणा, दोनाच्या पटींत तो कधीच नेमका बसत नाही, शेपूट संपतच नाही. पण पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव. तो बिनचूक जातो, कणभरही सांडत नाही. जुन्या माणसांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी त्याला मानवेल असाच अपूर्णांक धरून ठेवला होता.

तांडेलाचा मोबाईल नंबर मात्र पूर्णांकात मावेना. या पूर्णांकाची धाव 2147483647 पर्यंत, आणि आपला सर्वांत लहान नंबरही सहाने सुरू होतो. गावात कितीही छोटा असला तरी माणूस तिथे मोठाच पडतो. नंबर मजकुरात गेला.

खरी अडचण ‘काहीच नाही’ची. मूळ पद्धतीत त्यासाठी जागाच नाही. मागाहून कुणीतरी एक रिकामी खूण जोडली, तीही दोन्हीकडच्यांनी मानली तरच. पायथॉन ही प्रोग्रॅमची भाषा तर खास परवानगी दिल्याशिवाय ती पाठवतच नाही. मग लोक शून्य पाठवतात. पण शून्य म्हणजे जाळं टाकलं आणि पापलेट लागलं नाही. वाऱ्यामुळे जाळंच टाकलं नाही, हे शून्य नव्हे. आणि बोटीकडून अजून काही कळलंच नाही, हे तर मुळीच नव्हे. पडद्यावर तिघांचा चेहरा एकच, गोल आणि निर्विकार. धक्क्यावर उभ्या असलेल्या बाईला मात्र त्यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

हरल्यावर माणूस जे करतो तेच भाच्याने केलं. सरकारी फॉर्मात शेवटी असतो तसा ‘शेरा’ नावाचा रकाना जोडला, प्रकार मजकूर, मर्यादा मोजकी अक्षरं. जे कशातच बसत नाही ते तिथे. पहिल्याच आठवड्यात सगळा समुद्र त्यात येऊन बसला: वारा, बर्फ, तुटलेलं जाळं, शेजारच्या बोटीचं इंजिन. किनाऱ्यावरचा हिशेबनीस आधी शेरा वाचतो, आकडे मग सवडीने. परवा भाच्याने मर्यादा काढून टाकली, कारण एका तांडेलाची नोंद “बर्फ संपत आला, मासा बरा आहे, घरी सांगा की” इथे तुटली होती आणि पुढचं विचारायला त्याच्या आईने दोनदा बोईसरला फोन केला.