डिलीट नाय, डोळा बंद

भोसरीत ज्याच्यावर फ्लेक्स करून घ्यायची वेळ आली, त्याला भाऊ ठाऊक असणारच. आळंदी रोडला असेल, दिघी रोडला असेल, लांडेवाडीत असेल. गाळा बदलतो, भाऊ तोच. एसी कॉम्प्युटरसाठी, प्लॅस्टिकचं स्टूल गिऱ्हाइकासाठी, आणि "दोनच मिनिटं, दादा" हे वाक्य दोघांसाठी.

सोसायटीच्या गणपतीचा फ्लेक्स करायला गेलो, तर याने नवी फाईल उघडलीच नाही. "नवी कशाला? आहे की तयार," म्हणत कुठल्याशा अण्णांच्या वाढदिवसाची फाईल काढली. बाजूला लेअरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक थरांची, ही लांबलचक उतरंड, प्रत्येकापुढे थर दाखवायचा-लपवायचा एक डोळा. भाऊ टिकटिक करत एकेक डोळा बंद करत सुटला. अण्णा गेले. केक गेला. तळाचे सगळे शुभेच्छुक ओळीने गेले. मग खालचा एक डोळा उघडला आणि गणराय प्रकटले. अण्णांच्या डोक्यामागचं सोनेरी तेजोवलय मात्र त्याने ठेवलं. ते बाप्पाला मापात बसलं.

"आता अण्णांना डिलीट करून टाक," मी म्हणालो.

भाऊने माऊसवरचा हातच काढला. "डिलीट नाय करायचं, दादा. डोळा बंद करायचा. माणूस परत येतो."

फोटोशॉपमध्ये लेअर आले 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. एक भाग बिघडला तर सगळं चित्र पुन्हा करावं लागू नये, एवढाच त्याचा साधा उपयोग. भोसरीत आल्यावर त्याचं तत्त्वज्ञान झालं.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा भाऊने बैलजोडीचा डोळा बंद केला. डिसेंबर 2021मध्ये परवानगी मिळाली. गावोगाव गुलाल उडत होता आणि इतर डिझायनर बैलांचे फोटो शोधत फिरत होते. भाऊने एक क्लिक केलं. सात वर्षं अंधारात उभे असलेले बैल शिंगांच्या गोंड्यांसकट हजर. "बैलसुद्धा परत येतो," भाऊ म्हणाला, आणि आगाऊ रक्कम मोजून घेतली.

बैलांचं एक बरं असतं, ते पक्ष बदलत नाहीत. जून 2022मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023मध्ये राष्ट्रवादी. एकेका कार्यकर्त्याच्या फाईलमध्ये वरच्या पट्टीतले साहेब सकाळी बंद, दुपारी उघडे, संध्याकाळी "जरा थांब, अजून बोलणी चालू आहेत." भाऊने वैतागून दरपत्रकच लावलं: नवा फोटो चढवायचे शंभर, डोळा उघडायचे पन्नास. बंद करायचं फुकट. त्यात त्याला पुढचे पन्नास दिसत होते.

पण त्याचा आवडता लेअर 'भावी'. 2017 साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली. भाऊने भराभर 'माजी' उघडले. महापालिकेवर प्रशासक बसला आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं 'भावी नगरसेवक' उघडा तो उघडाच. निकालानंतर भाऊने जिंकलेल्यांचा 'भावी' बंद केला. हरलेल्यांचा तसाच ठेवला.

एमआयडीसीतला एक लेझर कटिंगवाला त्याच्याकडे चहाला येतो. ऑटोकॅडमध्ये डोळ्याऐवजी बल्ब असतो, लेअर गोठवायला बर्फाचं चिन्ह असतं, हे तो मोठ्या ऐटीत सांगत होता. शिवाय त्यात 'डेफपॉइंट्स' नावाचा एक लेअर असतो. स्क्रीनवर दिसतो, पण छापून येत नाही. "आमच्याकडं लई आहेत असले," भाऊ म्हणाला. "चौकाचौकात दिसतात, उमेदवारांच्या यादीत येत नाहीत."

भाऊच्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची खोड बरोबर उलटी. त्यात डोळ्याशेजारी प्रिंटरचं बारीक चिन्ह असतं. डोळा बंद केला पण प्रिंटर चालू राहिला, तर लेअर स्क्रीनवर दिसत नाही, छापून मात्र येतो. एका युवा नेत्याचा दहा बाय वीसचा वाढदिवसाचा फ्लेक्स असाच रात्रीतून चौकात चढला. वर गॉगल, खाली तलवारीने कापलेला केक आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सकाळी सहाला नेत्याचा फोन आला. झोपेतल्या भाऊने आधी विचारलं, "आपण कोण त्यांचे?"

अशा माणसाबद्दल चांगलं लिहायचं जिवावर येतं. पण मागे एकदा, मी प्रूफसाठी ताटकळत बसलो असताना, एक बाई आल्या. मुलगा 2021च्या कोरोनात गेलेला. त्याचा फोन बंद पडला आणि फोटोही त्यातच अडकले. मित्रांनी कधीतरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता, तो इथेच केल्याचं कुणीतरी सांगितलं होतं.

भाऊने फाईल शोधली. दोन मिनिटं म्हणाला आणि खरोखर दोनच मिनिटांत सापडली. मग डोळे बंद करायला लागला. वरच्या पट्टीतले साहेब, फुगे, मुकुट, 'किंग इज बॅक', मित्रमंडळ. उरला तो पोरगा, गॉगल लावलेला. आई पुढे वाकून बघत होती. गॉगल भाऊनेच चढवलेला, वेगळ्या लेअरवर. त्याने तोही बंद केला. खाली पोराचे डोळे होते, उन्हामुळे थोडे बारीक केलेले.

भाऊने तो फोटो चांगल्या कागदावर काढून दिला. बाई पैसे द्यायला लागल्या, तर त्यांच्यावरच खेकसला, "ऱ्हाऊ द्या मावशी. फाईल आहे माझ्याकडं. खराब झाला तर कधीबी या." माणूस परत येतो, हे नेहमीचं वाक्य काही तो बोलला नाही.

त्या पायरी उतरल्या न उतरल्या तोच पांढऱ्याशुभ्र लिनेनमधले एक दादा आत आले. कालच बंद करवलेले साहेब त्यांना आज उघडून हवे होते. भाऊने पन्नासऐवजी पाचशे सांगितले. दादांनी कुरकुरत मोजले आणि पावती मागितली.

"पावती आहे की, दादा," भाऊ म्हणाला. "डोळा बंद आहे तिचा."