म्हाडाने न दिलेली खोली

कांदिवलीच्या चारकोपात पत्ता सांगायचा म्हणजे आधी सेक्टर, मग आरएससी, मग सोसायटी आणि शेवटी प्लॉट नंबर. एवढं सगळं ऐकून घेऊनही रिक्षावाला "कुठल्या देवळापाशी?" असं विचारतोच. 1985च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे प्लॉट आखले, रस्ते, गटारं आणि नळ दिले आणि घर तुमचं तुम्ही बांधा म्हणून सांगितलं. बहुतेक प्लॉट 25 ते 40 चौरस मीटरांचे. लोकांनी आधी पत्रे टाकले, मग स्लॅब, मग ऐपतीप्रमाणे वर मजला. भिंत मात्र बऱ्याच ठिकाणी एकच राहिली, तुमची आणि शेजाऱ्याची मिळून.

भिंतीला कान असतात असं जुनी माणसं म्हणायची. आमच्या भिंतीला तोंडही आहे. शेजारी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कोणाच्या पोराला गणितात किती पडले, हे सगळं तिच्याकडून कळतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथले पुष्कळ लोक गिरगाव-परळच्या चाळींतून आलेले. रेडिओ एका खोलीत आणि 'कामगार सभा' सगळ्या मजल्याला, या हिशेबात वाढलेले. टीव्ही आल्यावर बसायची सोय बदलली, ऐकण्याची तीच राहिली.

अडचण आली ती दोन गोष्टी एका वर्षात जमून आल्या तेव्हा. आईला ऐकू कमी यायला लागलं आणि चिरंजीव दहावीत गेले. आईला मालिका ऐकायची तर आवाज चाळीसवर न्यावा लागे आणि चिरंजीवांना त्रिकोणमिती फक्त मालिकेच्या वेळेतच सुचे. आम्हाला खरं तर आणखी एक खोली हवी होती. मुंबईत खोलीचा भाव काय चालू आहे हे वाचकांना सांगायला नको. त्यापेक्षा बिनतारी हेडफोन बराच स्वस्त पडला.

या यंत्राचं कौतुक करायलाच हवं. टीव्हीतून निघालेला आवाज ब्लूटूथच्या लहरींवर बसून आईच्या कानात जातो, तो सरळ वाटेने जात नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फाय आहे, सगळ्या आळीचे मोबाईल आहेत आणि शेजारचा मायक्रोवेव्हसुद्धा साधारण तिथेच गुणगुणतो. कांदिवली स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातच्या गर्दीत सराईत माणूस जिथे फट दिसेल तिथे घुसत पुढे सरकतो, तसा हा आवाज 79 वाटांवर सेकंदाला 1600पर्यंत उड्या मारत पुढे जातो. अशा उड्यांच्या कल्पनेचं एक पेटंट 1942 साली हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीने जॉर्ज अँथाइल नावाच्या संगीतकाराबरोबर घेतलं होतं. शत्रूला पाणतीराचा संदेश बिघडवता येऊ नये म्हणून. त्यात 88 वाटा होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. मी हे आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने हेडफोनचा एक कान वर करून ऐकलं आणि विचारलं, "दिसायला कशी होती?"

उड्या मारून आवाज पोचतो, पण जरा उशिरा. स्वस्तातल्या जोडणीत सेकंदाचा पाचवा हिस्साही सहज जातो. सासू ओठ मिटते आणि मग तिचा टोमणा ऐकू येतो. दूरदर्शन-प्रक्षेपणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचा हिशेब आहे: आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला तरी डोक्याला खटकतं, मागाहून आला तर 125पर्यंत चालून जातं. याचं कारण मला आमच्या मैदानाच्या कठड्यावर बसल्यावर पटलं. पलीकडच्या टोकाला पोरगा बॅट फिरवतो, चेंडू उडालेला दिसतो आणि त्यानंतर 'टक्' येतं. आवाजाने मागून यावं ही सृष्टीचीच रीत, म्हणून मेंदू तेवढी सवलत देतो. आईने मात्र आपला निकाल केव्हाच दिला आहे. तिच्या मते त्या सासूचं तोंड आधीपासूनच असं चालतं.

ब्लूटूथ साधारण दहा मीटर पोचतं म्हणतात. मोठ्या फ्लॅटात ते कमी पडत असेल. इथे दहा मीटर म्हणजे उजवीकडची दोन घरं, डावीकडची दोन घरं आणि मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी. पहिल्या दिवशी जोडणीसाठी यादी उघडली तर तिच्यात अर्धी सोसायटी हजर. कोणाचा स्पीकर, कोणाचं घड्याळ, आणि 'पप्पा का फोन' नावाचं काहीतरी, ज्याचे पप्पा अजून सापडलेले नाहीत. एवढ्या भिंती ओलांडणाऱ्या या लहरी पाण्यापुढे मात्र हरतात, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. टीव्ही आणि आई यांच्यामध्ये कोणी जाडसर पाहुणा येऊन बसला की संवाद तुटतात. आई मग हाताने त्याला बाजूला व्हायची खूण करते. पाहुण्याला वाटतं, जेवायला बोलावताहेत.

घरात शांतता झाली. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी शेजारच्या काकू पिठाचे हात घेऊनच दारात आल्या.

"काय हो, टीव्ही बिघडलाय का तुमचा?"

"नाही काकू, आईला हेडफोन आणलाय."

"मग मी काय करायचं?"

प्रश्न रास्त होता. काकूंचा टीव्ही बाहेरच्या खोलीत, तिथे काकांच्या बातम्या. स्वयंपाकाचा ओटा आमच्या टीव्हीच्या बरोबर पाठीमागे. गेली कित्येक वर्षं काकू पोळ्या लाटता लाटता आमची मालिका ऐकत होत्या. त्यातल्या नायिकेचं तोंड त्यांनी क्वचितच पाहिलं असेल, पण तिच्या चारित्र्याबद्दल त्यांचं मत आईपेक्षा पक्कं आहे. आम्ही एक खोली वाढवली आणि ती नेमकी काकूंच्या वाटेवर.

घरातल्या घरातही तेच. हेडफोन जोडला की आमचा टीव्ही स्वतः मुका होतो. बाकीचे आम्ही हलणारी तोंडं बघत बसतो आणि मध्येच आई, आपण ओरडतोय याची गंधवार्ता नसताना, खड्या आवाजात जाहीर करते, "मेला खोटं बोलतोय!" त्रिकोणमिती थांबते ती थांबतेच. पूर्वी चाळीसवरचा आवाज निदान सतत तरी होता. हेडफोनमधला माणूस कधी बोलेल याचा नेम नाही.

मुंबईत काही ठिकाणी नवरात्रात सायलेंट गरबा होतो, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन आणि मैदानात नुसती पावलं. तिथे निदान सगळ्यांना एकच गाणं ऐकू येतं. टीव्हीसाठीही आता तशी सोय येते आहे. 2022 साली ऑराकास्ट हे नाव जाहीर झालं, त्यात एका यंत्राचा आवाज हव्या तितक्या हेडफोनना आणि श्रवणयंत्रांना एकदम घेता येतो. म्हणजे फिरून पुन्हा चाळीतला रेडिओच. काकूंना मी हे सांगितलं आहे. हेडफोन घालून पोळ्या लाटायची त्यांची तयारी आहे, गरम तव्याचं तेवढं विचारून घ्या म्हणाल्या.

तोवर एक विनंती. टीव्ही घ्यायला गेलात तर दुकानदार इंच सांगेल, रंग सांगेल, हप्ते सांगेल. ते सगळं ऐकून घ्या आणि दोनच गोष्टी विचारा: हेडफोन लावल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज चालू ठेवता येतो का, आणि एका वेळी दोन हेडफोन जोडता येतात का? नुसत्या तोंडी 'हो' वर जाऊ नका. दुकानातच जोडून दाखवायला लावा आणि जाताना शेजारणीलाही बरोबर न्या.